विजोड मोज्यांचा दिवस करा, खरं मोजे सोडून

टीचर, तुमचा प्रश्न वाचला. तुमच्या खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी हायस्कूलात आठवी-नववीत चिडवाचिडवी लई वाढलीय, एक मुलगा बोलताना अडखळतो म्हणून त्याची इतकी नक्कल केली की तो आठवडाभर शाळेलाच आला नाही, आणि तुम्हाला इंटरनेटवर इंग्लंडमधला तो ऑड सॉक्स डे दिसला, मुलं आणि मास्तर सगळे दोन पायांत दोन वेगळे मोजे घालून येतात तो. आपल्या शाळेत करावा का, आणि हेडमास्तर म्हणतात तसं ‘असल्या खेळानं काय होतंय’ हे खरं आहे का, एवढं तुम्हाला विचारायचं आहे.

मी आधी शिक्षक होतो, आता बरीच वर्षं बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शाळांत समुपदेशनाचं काम करतो, त्यामुळं असले दिवस भरपूर बघितलेत. बहुतेक ठिकाणी काय होतंय सांगतो. पोस्टर लागतं, मुलं हात पुढं करून शपथ घेतात, पाहुणे भाषण ठोकतात, फोटो ग्रुपवर जातो आणि सोमवारी परत ‘ए जाड्या’ सुरू. म्हणजे तुमचे हेडमास्तर अगदीच चुकीचं बोलत नाहीत. खरं काही शाळांत त्या दिवसानंतर फरक पडलेला पण बघितलाय, आणि तिथं एक गोष्ट वेगळी होती. तिथं तो दिवस चिडवणाऱ्यासाठी नव्हता आणि ज्याला चिडवतात त्याच्यासाठी पण नव्हता, मधे बसून खी खी करणारी जी वीस-पंचवीस पोरं असतात त्यांच्यासाठी होता.

हे मी मनाचं सांगत नाही. टोरांटोच्या शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावून केलेला एक अभ्यास 2001 साली छापून आला. त्यात दिसलं की एखाद्याला छळायचे प्रसंग घडले तेव्हा 88 टक्के वेळा बाकीची मुलं तिथं हजर होती, मधे पडली ती फक्त 19 टक्के वेळा, आणि जेव्हा कुणी मधे पडलं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, 57 टक्के, दहा सेकंदांच्या आत सगळं थांबलं. दहा सेकंद! आपण हेडमास्तरांच्या खोलीत बोलावून, पालक बोलावून, माफीनामा लिहून घेऊन जे होत नाही ते बाजूचा एक पोरगा ‘ए सोड की रे’ म्हणाला की होतंय. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिवाली या बाईंनी 1996 पासून हेच मांडलंय, की छळणं हे दोघांमधलं भांडण नसतं, सगळ्या वर्गाचं त्यात काही ना काही काम चाललेलं असतं. कोण साथ देतो, कोण हसून चढवतो, कोण मान खाली घालून वहीत बघतो, एखादा बाजू घेतो. हसणारे हसायचे थांबले की नक्कल करणाऱ्याची मजाच जाते. त्याला तो मुलगा नको असतोय ओ, त्याला पब्लिक पाहिजे असतंय.

आता दिवसाचं बोलू. कॅनडाचा पिंक शर्ट डे तुम्ही ऐकला असेल. 2007 साली नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या एका शाळेत नववीतला एक मुलगा पहिल्याच दिवशी गुलाबी शर्ट घालून आला म्हणून त्याला पोरांनी धमकावलं, तेव्हा बारावीतल्या दोघांनी स्वस्तातले 50 गुलाबी शर्ट विकत आणले, मित्रांना निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी शाळा गुलाबी करून टाकली. यात त्या दोघांनी काय केलं नाही ते बघा. त्या मुलाला स्टेजवर उभं केलं नाही, त्याच्याबद्दल भाषण केलं नाही, दमदाटी करणाऱ्यांची नावं घेतली नाहीत. तो एकटा दिसत होता, त्याला गर्दीत मिसळून टाकलं, बस्स.

आणि उलटं पण होतंय. 2008 च्या नोव्हेंबरात, एका कार्टून मालिकेतल्या जोकवरून, लाल केसांच्या मुलांना लाथा मारायचा दिवस अशी टूम फेसबुकवर निघाली आणि कॅनडात पोरांनी खरोखर लाथा खाल्ल्या. जोक म्हणूनच सुरू झालेलं ते. मग त्याला उत्तर म्हणून 2009 पासून 12 जानेवारीला लाल केसवाल्यांचा मुका घ्यायचा दिवस निघाला. हेतू चांगला, गमतीचा, खरं मला तो पण पटत नाही. कारण परत सगळ्यांची नजर त्याच पोरावर, आणि परत त्याला न विचारता त्याच्या अंगाला हात. म्हणून तुमच्याकडं अडखळत बोलण्यावर काही घेऊ नका, 22 ऑक्टोबरला तोतरेपणाच्या जागृतीचा आंतरराष्ट्रीय दिवस असतोय तो पण या वर्षी शाळेत नको. सगळ्यांना कळतंय तो कुणासाठी चाललाय.

आता मोजे. तुमच्या सरकारी शाळेत मुलांना बुटांचा एक जोड आणि मोज्यांचे दोन जोड मिळतात, आणि दोन्ही पांढरे. विजोड करणार कसे? रंगीत मोजे घरातून आणा म्हटलं तर ज्याच्याकडं आहेत तो मिरवणार, ज्याच्याकडं नाहीत तो आदल्या रात्री आईकडं रडणार नाहीतर त्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून घरी राहणार. शिवाय मी पुढं सांगतोय तसं जुलैत केला तर खानापूरच्या पावसात मोजे घालतंय कोण, जांबोटी-कणकुंबीकडनं येणारी पोरं तर बूट पिशवीत आणि पाय चप्पलेत घालून येतात. गुलाबी शर्टाचं पण तेच, एका दिवसासाठी घरात खर्च. आणि आपल्या सीमाभागात रंगाचं एक वेगळंच दुखणं आहे. लाल-पिवळं घेतलं की कन्नड झेंड्याचा अर्थ, भगवं घेतलं की दुसरा, हिरवं-निळं घेतलं तरी कुणीतरी काहीतरी काढणार, आणि मग माणुसकीचा दिवस राहतो बाजूला, एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या पालक समितीच्या, मीटिंगमध्ये रंगावरून वाद.

मी शाळांना सांगतो ते असं. गावातल्या टेलरकडं जावा, चिंध्या फुकट मिळतात, त्यातल्या फक्त फुलाफुलांच्या, चौकटीच्या, ठिपक्यांच्या निवडा, एकरंगी एकपण नको. सकाळी प्रार्थनेच्या वेळी टोपलीत हात घालून न बघता प्रत्येकानं एक चिंधी घ्यायची. मनगटाला बांधायची किंवा मुलींनी एका वेणीला नेहमीची रिबीन आणि दुसरीला ही चिंधी. आता एका हातानं स्वतःच्या मनगटाला गाठ मारता येत नाही, दुसऱ्याची मदत लागतीच, हीच त्यातली खुबी. जोड्या मात्र तुम्ही लावायच्या, हजेरीपटावरच्या नंबरानं, एक-दोन, तीन-चार. ‘आपापला जोडीदार निवडा’ हे वाक्य त्या दिवशीच काय, वर्षभर वर्गात उच्चारू नका, कारण ज्याला कुणी निवडत नाही तो शेवटी उभा राहतोय आणि सगळा वर्ग ते बघतोय. मुलगा-मुलगी जोडी आली तर ‘राखी काय रे’ म्हणून दंगा होणार, त्यामुळं मुलांचे नंबर वेगळे, मुलींचे वेगळे करा.

आणि सगळ्यात जास्त विजोड मास्तर लोक दिसले पाहिजेत. हेडमास्तरांनी एका पायात बूट आणि एका पायात पावसाळी चप्पल घालून प्रार्थनेला उभं राहायचं. पीटीच्या सरांनी छत्रीला रिबीन बांधायची. हसू वरच्यावर गेलं पाहिजे, खालच्यावर नको. हेडमास्तर तयार नसतील तर तुम्ही घाला, पण कुणीतरी मोठ्यानं घातलंच पाहिजे. पोरं हसतात, सर पण हसतात, त्यातनं मुलांना दिसतंय की हसून घेणारा माणूस आपल्या मर्जीनं हसून घेतोय. नंतर वर्गात बोलताना हा फरक लई कामाला येतो.

दिवस कुठला? नोव्हेंबरचा पहिला आठवडा नको, कारण तुम्हाला माहीतच आहे, 1 तारखेला इकडं कर्नाटकाचा राज्योत्सव आणि आपल्या मराठी माणसांचा निषेधाचा काळा दिवस, मोठ्यांची डोकी तापलेली असतात. युनेस्कोचा शाळेतल्या छळाविरुद्धचा दिवस नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी येतो, जागतिक काइंडनेस डे 13 नोव्हेंबरला आणि लगेच 14 ला बालदिन, त्यामुळं बरेच लोक तिथंच चिकटवतात. बालदिनात घातला तर नाच-गाणी आणि खाऊत तो बुडून जातो. तारखेचं महत्त्व मला वाटत नाही. जूनमध्ये पाच-सहा गावांतली पोरं आठवीला हायस्कूलात नवीन येतात, एकमेकाला ओळखत नाहीत, आणि पहिल्या महिना-दीड महिन्यात जी नावं पडतात ती दहावीपर्यंत चिकटतात. म्हणून जुलैचा एखादा शनिवार. सकाळची शाळा असते, अभ्यासाचं ओझं कमी, आणि राष्ट्रीय शिक्षण धोरणात दप्तराशिवायचे दिवस सांगितलेतच, त्यात बसवला तर वरच्या ऑफिसातनं पण कोण काही विचारत नाही. पोस्टर लावणार असाल तर मराठी आणि कन्नड दोन्हीत लावा. तुमच्या वर्गात कन्नड घरातली पोरं असतीलच, आणि कन्नडच्या तासाला अडखळत वाचणाऱ्या मराठी पोरांवर जेवढं हसतात तेवढंच त्यांच्या मराठीवर पण हसतात.

चिंध्या बांधून झाल्या की एक तास बोलायचं. एकच तास. पिंक शर्टची गोष्ट सांगा आणि पहिला प्रश्न असा विचारा की पहिल्या दिवशी जेव्हा त्या मुलाला धमकावत होते तेव्हा बाकीचे काय करत असतील. ‘आपल्या वर्गात असं होतं का’ हे विचारू नका, नावं निघतात आणि मग मधल्या सुट्टीत त्याचा हिशेब होतो. मुलं आपणच सांगतात, हसत असतील, व्हिडिओ काढत असतील, आपल्यावर येईल म्हणून गप्प असतील. यातलं शेवटचं उत्तर आलं की तिथं थांबा. ती भीती खरी असते, तिला भित्रेपणा म्हणू नका.

मग त्यांना करता येण्यासारखं द्या. ‘अन्यायाविरुद्ध उभे रहा’ म्हणून तेरा वर्षांचं पोरगं उभं राहत नाही ओ. त्याला तोंडात बसणारं वाक्य लागतं. ‘बास की आता’, ‘ए चल, बेल झाली’, ‘सर बोलवायलेत तुला’ (हे खोटं आहे, चालतंय). एवढं पण जमत नसेल तर हसायचं नाही आणि तिथनं निघायचं. ते पण जमत नसेल तर नंतर त्या मुलाजवळ जाऊन जेवायला बसायचं, काही बोलायची गरज नाही. माझ्या अनुभवात हे शेवटचं सगळ्यात जास्त मुलं करतात, आणि ज्याला छळतात त्याला बहुतेक वेळा त्याचाच आधार वाटतो. ही वाक्यं दोन-दोन मिनिटं नाटक करून म्हणून घ्या, कारण तोंडाला सवय नसली की ऐन वेळी निघत नाहीत. नाटकात छळणाऱ्याचं काम एखाद्या शिक्षकानंच करायचं. वर्गातल्या दादाला ते काम दिलं तर तो हिरो होतो, टाळ्या घेतो, आणि अडखळणाऱ्या मुलाला तर नाटकात कुठलंच काम जबरदस्तीनं नको.

तासाच्या शेवटी एक काम करा ज्याच्यासाठी मी हा सगळा खटाटोप सांगतोय. शाळेचा साधा नकाशा काढून झेरॉक्स करा. वर्ग, व्हरांडा, नळ, संडास, सायकल स्टँड, जेवणाची रांग, गेट, बस स्टॉप. नाव न लिहिता प्रत्येकानं जिथं नकोसं वाटतं, भीती वाटते तिथं एक ठिपका मारायचा आणि घडी करून डब्यात टाकायची. सगळे ठिपके एका नकाशावर उतरवलेत की तुम्हाला धक्का बसेल. वर्गात फार नसतात. संडासाच्या मागं, सायकल स्टँडला, संध्याकाळच्या बसच्या मागच्या सीटवर, आणि दुपारच्या जेवणाच्या रांगेत. जेवणाचं मला एका शाळेत नकाशावरनंच कळलं. तिथं कुणी अंडं घेतंय आणि कुणी केळं घेतंय यावरनं जातीपर्यंत बोलणी चालली होती, वाढणाऱ्या अक्का सोडून एकाही मोठ्या माणसाला पत्ता नव्हता. मग उपाय काय केला, तर एक शिक्षक रोज रांगेत उभं राहून मुलांबरोबर जेवायला लागले. नॉर्वेत डॅन ओल्वेयस यांनी 1983 पासून शाळांसाठी जो कार्यक्रम उभा केला त्यात पण हाच मुद्दा आहे, जिथं होतंय तिथं मोठं माणूस दिसलं पाहिजे. बसचं तुमच्या हातात नाही असं वाटेल, खरं कंडक्टरशी बोलून बघा, मागच्या सीटवर बसणारी चार पोरं पुढं बसवणं त्याला अवघड नाही.

फोटोचं एक सांगतो. त्या दिवशी मुलांचे चेहरे काढू नका, नुसते चिंध्या बांधलेले हात गोल करून एक फोटो, बास. तोंडं दिसली की संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी फोटोचं स्टिकर झालेलं असतं.

आता त्या अडखळणाऱ्या मुलाबद्दल, कारण तुमचा प्रश्न मुळात तिथनं निघालाय. दिवस करायच्या आधी त्याच्या घरी जाऊन या. त्याला सांगा की असा दिवस होणार आहे, तुझं नाव कुणी घेणार नाही, तुला यायचं असेल तर ये. वर्गात वाचायला सांगताना त्याला आधी विचारा, वाचताना अडला तर त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका, थांबा. बाकी शिक्षकांना पण हे सांगा, कारण अशी नक्कल कधीकधी फळ्याजवळनंच सुरू होते, रागानं नाही, गमतीनं, ‘ब्‍ब्‍बोल रे’ असं. आपली माणसं मायेनं पण ‘ए ढापण्या’, ‘ए बुटक्या’ म्हणतात, त्यामुळं आपल्याला ते खटकतच नाही. मुलाला विचारलं तर तो ‘काय नाही सर, चालतंय’ असंच म्हणतो, दुसरं म्हणायची त्याला सोय कुठं असते? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये अंगाला हात लावण्याबरोबर मानसिक त्रासाला पण मनाई आहे, हे स्टाफ मीटिंगमध्ये वाचून दाखवायला हरकत नाही. आणि बोलण्यासाठी उपचार असतात, म्हैसूरला केंद्र सरकारची वाक् आणि श्रवण संस्था आहे, एवढं लांब जायच्या आधी बेळगावात मोठ्या दवाखान्यात स्पीच थेरपिस्टला दाखवता येतं. पालकांना हे माहीत नसतं, ते म्हणतात मोठा झाला की जाईल.

नक्कल करणाऱ्या पोरांचं काय? सगळ्या वर्गासमोर सॉरी म्हणायला लावून हात मिळवून देऊ नका. हात मिळवतात आणि गेटबाहेर गेल्यावर सव्याज वसूल करतात. दोघांना समोरासमोर बसवून तडजोड पण नको, एकाचा जोर जास्त आहे म्हणूनच तर हे चाललंय, तिथं मधला रस्ता कसला काढणार. एकेकाला वेगळं बोलवा, शांतपणे सांगा की हे मला माहीत आहे, हे थांबलं पाहिजे, आणि परवा मी परत विचारणार आहे. मग खरंच परवा विचारा. घरच्यांना बोलावणार असाल तर पोरासमोर त्याच्या बापाला खाली बघायला लावू नका, त्या पोराला संध्याकाळी पट्टा बसतो आणि दुसऱ्या दिवशी तो कुणावर तरी काढतो.

काही गोष्टी मात्र चिंध्या बांधून सोडवायच्या नसतात. जातीवरून बोलणं, मुलींना हात लावणं, मारहाण, कुणाचे फोटो फिरवणं, यातलं काही कानावर आलं तर त्याच दिवशी हेडमास्तरांना लेखी द्या. लैंगिक त्रासाचं असेल तर पोक्सो कायद्यानं कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, शाळेची बदनामी होईल म्हणून दाबणारा पण त्यात अडकतो. मुलांना 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर पाठ करून घ्या. एखादं पोरगं जेवत नाही, झोपत नाही, ‘मी नसलो तर बरं’ असं बोलतंय तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, फुकट आहे, रात्री पण लागतो, पण फोन करून थांबू नका, त्या दिवशी त्याला एकटं सोडू नका.

हेडमास्तरांना कसं पटवायचं म्हणाल तर माणुसकी वगैरे बोलू नका, खर्च काहीच नाही, एक शनिवार, आणि गैरहजेरी कमी होईल असं सांगा. तुमच्या शाळेत आठवडाभर न आलेला एक मुलगा आहेच उदाहरणाला. नकाशा पहिल्यांदा एसडीएमसीला दाखवू नका, स्टाफला दाखवा आणि मधल्या सुट्टीच्या ड्युट्या त्याप्रमाणं बदला. गणपतीच्या सुट्टीआधी तोच नकाशा परत मुलांकडून भरून घ्या. ठिपके हलले असतील तर दोन्ही नकाशे घेऊन एसडीएमसीत जावा. तिथल्या तिथंच असतील तर ड्युटीवरची माणसं खरंच तिथं उभी राहतात का ते आधी बघा, बऱ्याचदा ती स्टाफरूममध्ये चहाला बसलेली असतात.